बसलेल्या माणसाचे पाय

माझ्या वहिनीला गाड्यांमधलं फार कळतं, असं आमच्या गल्लीतला जो तो म्हणतो. साफ चूक. गाड्यांमधलं कळणारे पैशाला पासरी आहेत. कोपऱ्यावरचा मेकॅनिक तर झोपेतही इंजिनाबद्दल बडबडतो, असं त्याची बायको सांगते. वहिनीला कळतं ते बसण्यातलं. माणूस बसला की तो सुखात आहे की नाही, हे तिला त्याच्याआधी कळतं.

आता मी तिची नणंद. नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे लोकांना वाटतं, हिचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय. काही अडलेलं नाही. मी जन्मभर टेलिफोन खात्यात बसून लोकांची बोलणी जोडून दिली, माझं पेन्शन मला पुरतं, आणि वहिनीशी माझं आठवड्यातून एकदा तरी कडाक्याचं भांडण होतं. पण खरं ते खरं.

वहिनीचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. घराच्या तळमजल्यावर तिचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, ट्रक आत यावा एवढं मोठं दार, खिडकीपाशी काळं जड शिलाईयंत्र, कोपऱ्यात उभ्या केलेल्या फोमच्या गुंडाळ्या आणि भिंतीवर रेक्झिनचे तुकडे टांगलेले. तिथे सतत चिकटद्रव्याचा वास येतो. संध्याकाळी काम आवरलं की ती दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवते आणि सांडलेले खिळे गोळा करते. तेवढ्या वेळात तिच्याशी बोललेलं तिला आवडत नाही. मी मुद्दाम तेव्हाच बोलते.

तिची कामाची एक तऱ्हा आहे. सीट अर्धी झाली की ती फळ्यांवर ठोकून ठेवते आणि गिऱ्हाइकाला वर बसवते. त्याच्या हातात चहा देते. मग त्याला सीटबद्दल सोडून बाकी सगळं विचारते. मुलगी कितवीत गेली, भाऊ बोलतो का अजून, पाण्याचा नळ दुरुस्त झाला का. आणि स्वतः समोर बुटक्या स्टुलावर बसून त्याचे पाय बघते.

"तोंडाला भीड असते गं," ती मला म्हणाली होती. "तोंड म्हणणार, छान आहे, छान आहे. पायांना भीड नसते. बूड सुखात नसेल तर पाय जागा शोधत फिरतात."

एकदा एका टॅक्सीवाल्याला तिने असंच बसवलं. तो म्हणाला, झकास. तिने म्हटलं, उठा. मांडीखालचा बोटभर फोम कापून काढला, म्हटलं, बसा. त्याचे पाय शांत झाले आणि चहा अर्धा टाकून तो तिथेच घोरायला लागला. बाहेर त्याची सवारी हॉर्न वाजवून थकली. वहिनीने त्याला उठवलं नाही. म्हणे, असं काम रोज होत नाही, जरा बघू दे.

अशा या बाईला नाद लागला तो नेमका अशा गाडीचा, जिच्यात बसणं हीच मोठी कसरत. कुणा हौशी माणसाने एक जुनी स्पोर्ट्स कार सीटा शिवायला म्हणून दोरीने ओढत आणली होती. दोनच माणसांची, गर्द हिरवी, जमिनीला घासत चालेल इतकी बुटकी. पुढे त्या माणसाचा धीर सुटला आणि तो गाडी वहिनीच्याच गळ्यात मारून गेला. तिने आणि मेकॅनिकने कित्येक वर्षं तिच्याशी झटापट केली. शेवटी एके दिवशी ती गुरगुरली. वहिनीने तिचं नाव ठेवलं बुटकी.

मी दादाला म्हटलं, "दादा, तुझी बायको वेडी आहे."

दादा म्हणाला, "माहीत आहे. नाहीतर माझ्याशी लग्न कशाला केलं असतं?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचा. उंच, बारीक, नुसते पायच पाय. तो गाडी चालवत नाही, कधी शिकलाच नाही. रविवारी सकाळी वहिनी बुटकी बाहेर काढायची आणि दादा घडी घालून ठेवल्यासारखा शेजारी बसायचा, मांडीवर नकाशा पसरून. बुटकी इतकी अरुंद, की दोघांचे खांदे एकमेकांना घासायचे. वळणावर तो तिच्या अंगावर जायचा. ती म्हणायची, "अहो, सरका." तो म्हणायचा, "कुठे सरकू? पलीकडे दार आहे." मग तो कुठला तरी पाण्याचा साठा, कुठला तरी बंद पडलेला पूल नकाशात शोधून काढायचा आणि ती तिकडे गाडी पिटाळायची. दुपारी धुळीने माखून परत यायची दोघं. रस्ता कुणामुळे चुकला यावर जेवताना भांडण. दर रविवारी मी ते भांडण ऐकायला त्यांच्याकडे जेवायला जायचे.

मग दादाचा गुडघा गेला, त्यापाठोपाठ कंबर. दुष्काळात तेरावा महिना. एका रविवारी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीशी बुटकी थांबली आणि दादाला बाहेर येता येईना. वहिनीने ओढलं, जमलं नाही. शेवटी दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून त्याला उपसून काढलं. बघायला बरीच मंडळी जमली होती. दादाने त्या दोघांचे आभार मानले, "बाटलीचं बूच निघालं बुवा," असा विनोदही केला, सगळे हसले. घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "मला कंटाळा आलाय गं फिरण्याचा. तू जात जा."

वहिनी "बरं" म्हणाली. खाली गेली आणि बुटकीवर ताडपत्री घातली. एकटी ती एकदाही गेली नाही.

दादा खिडकीतल्या खुर्चीत बसायला लागला. आधी रविवार गेला. मग तो बाजारात जाईना, मग न्हाव्याला घरी बोलवायला लागला. विचारलं तर म्हणायचा, बाहेर आहे काय एवढं? ज्या माणसाने पोरांना नद्यांची उगमस्थानं पाठ करायला लावली तो म्हणतो, बाहेर आहे काय! मला रडू यायचं आणि रडू आलं की मी चिडते. वहिनीला म्हटलं, "तू लोकांच्या सीटा शिवत बस. इथे माझा भाऊ खिडकीत वाळतोय."

"मला दिसत नाही असं वाटतं का, वन्सं?" ती म्हणाली. वन्सं ती मला रागावली की म्हणते, एरवी मी छोटीच.

पहिला उपाय तिने बुटकीवरच केला. दादाच्या बाजूची सीट उंच करून शिवली, म्हणजे त्याला खाली वाकायला नको. दादा बसला छान. पण डोकं छताला टेकलं आणि मान दुमडली. "सीट उत्तम आहे," तो आतून म्हणाला. "फक्त मला आता माझं पोट सोडून काही दिसत नाही." आम्ही तिघंही पोट धरून हसलो आणि मग त्याला बाहेर काढताना कुणीच हसलं नाही.

तेव्हा वहिनी म्हणाली, "विकते हिला. उंच, शहाणी गाडी घेऊ."

दादा आयुष्यात चारदा ओरडला असेल. त्यातली ही एक वेळ. "बुटकी विकलीस तर दुसऱ्या गाडीत मी पाय ठेवणार नाही! माझ्या गुडघ्यापायी तिला कशाला घालवतेस?"

मग ठरलं, बुटकी राहील आणि जोडीला दुसरी येईल. हे ठरल्याचं गल्लीत कळायला वेळ लागला नाही, आणि मग काय, घरात सल्ल्यांचा पाऊस. मेकॅनिक म्हणाला, कमी पिणारी घ्या. समोरचा दंतवैद्य म्हणाला, मागे सामान मावेल अशी घ्या. त्याला स्वतःला गाडी मागे घेता येत नाही, पण सल्ला द्यायला काय जातं? वहिनी सगळ्यांना हो म्हणाली आणि कुणाचंच ऐकलं नाही.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. तिथली बाई हसतमुख, कामाची. तिने विचारलं, "मॅडम, चालवून बघणार ना?"

"चालतात सगळ्याच," वहिनी म्हणाली. "आधी हे बसतील."

मग सुरू झालं. चालवणाऱ्याच्या शेजारचं दार उघडायचं, दादाला बसवायचं. आपण दारात उभं राहायचं, एक हात सीटच्या पाठीवर, आणि त्याला शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापकांबद्दल विचारायचं. तो विषय निघाला की दादाला बोलायला दिवस पुरत नाही. तो बोलायचा आणि वहिनी त्याचे पाय बघायची. पहिल्या गाडीत त्याची टाच उचलली जात होती. दुसरीत पायावर पाय चढवून बसला, मग उतरवला, मग पुन्हा चढवला. प्रत्येक गाडीत तोंडाने मात्र "छान आहे, हीच घेऊन टाक." त्याला कधी एकदा घरी खिडकीत जाऊन बसतो असं झालं होतं. शोरूममधल्या बाईने शेवटी न राहवून मला विचारलं, "साहेबांचे बूट चावतात का?"

मग एक उंच, चंदेरी गाडी आली. दादा तिच्यात कुणाचा हात न धरता चढला. मुख्याध्यापकांची गोष्ट सुरू झाली, संपली, दुसरी सुरू झाली आणि पाय जागचे हलले नाहीत. मग तो आपला आपण खाली उतरला, कपडे झटकले आणि उभा राहिला.

"हीच," वहिनी म्हणाली. इंजिनाचं झाकण तिने उघडून पाहिलं नाही. पाठीमागे फोमची गुंडाळी आडवी मावते का तेवढं बघितलं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले. वहिनीने गाडी काढली. अहाहा, काय गुळगुळीत गाडी! आवाज नाही, धूळ नाही, धक्का नाही. दोघांच्या मध्ये एक रुंद पेटी, तिच्यावर कोपर टेकायला गादी, पेले ठेवायला खळगे. समोर मोठा पडदा. त्यातून एक बाई फार गोड आवाजात सांगत होती, पुढच्या चौकात वळा. टेलिफोन खात्यात माझ्या शेजारी अशीच एक बसायची. चुकीचा नंबर जोडायची आणि वर मधाळ बोलायची.

दादाने खिशातून चष्मा काढला, पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा परत खिशात ठेवला. काहीतरी बोलला. वहिनीला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" "काही नाही." मी पुढे वाकून त्याचे पाय बघितले. फिरत होते. आधी टाच, मग चवडा, मग दोन्ही पाय मागे, मग पुढे.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "छान गाडी आहे. पुढच्या वेळी तू छोटीला घेऊन जा. मला कंटाळा येतो."

वहिनीने दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या करकरीत गाडीची सीट उचकटली. मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला. तिने फोम बदलला, पाठ थोडी कलती केली, मांडीखाली उतार दिला, सगळं पुन्हा शिवलं. पुढच्या रविवारी पाय फिरतच होते. तिने परत उसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने दादाला समोर उभं करून विचारलं, "अहो, खरं सांगा, काय बोचतंय?"

"काही नाही गं. छान आहे."

संध्याकाळी ती लोहचुंबक फिरवत होती. त्या दिवशी मी बोलले नाही. तीच मध्येच थांबली. "छोटी, अख्ख्या गावाला बसवलं मी," ती म्हणाली. "घरच्या एका माणसाला बसवता येईना." आणि डोळे पुसत म्हणाली, "त्या चिकटद्रव्याचा वास डोळ्यांत जातो हल्ली." मीही म्हटलं, हो, जातो खरा.

तिसऱ्या रविवारी दादा येतच नव्हता. मी त्याला अक्षरशः दटावून खाली आणला. गावाबाहेर पडलो. पाय सुरू झाले. वहिनीने एकदम गाडी कडेला घेतली, वळसा घालून दादाच्या बाजूला आली, दार उघडलं आणि हात सीटच्या पाठीवर ठेवून शिवण चाचपायला लागली.

"छोटी, पाय बघ."

"शांत आहेत," मी म्हटलं.

ती परत गेली, गाडी सुरू केली. "आता?"

"सुरू झाले."

पुन्हा थांबली. पुन्हा दारात आली. "आता?"

"शांत."

असं परत एकदा झालं. मागून येणारे हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे जात होते. चौथ्यांदा ती दारात आली आणि तशीच उभी राहिली. आपल्या हाताकडे पाहिलं. हाताला लागून दादाचा खांदा होता. मग मधल्या त्या रुंद पेटीकडे पाहिलं आणि पलीकडच्या आपल्या रिकाम्या सीटकडे.

"मी इथे उभी होते," ती सावकाश म्हणाली. "शोरूममध्ये. प्रत्येक गाडीच्या दारात मीच उभी होते. शेजारच्या सीटवर एकदाही बसले नाही."

दादा समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"काय बोलणार?" दादा चिडून म्हणाला. "ह्या वयात काय सांगू? बायको फार लांब बसते म्हणून? आणि नकाशा बघायला ती बाई आहे. माझं इथे काम काय? मला धरून आणता, बसवता, फिरवता, परत नेता. पार्सल आहे का मी?"

पडद्यातली बाई म्हणाली, शक्य तिथे वळा.

"तू गप गं!" वहिनी तिच्यावर खेकसली.

मी मागे बसून खिडकीबाहेरची झाडं बघितली. दुसरं काय करणार? भाऊ आणि भावजय असं बोलत असताना माणसाने कुठे बघायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आता कळलं तर होतं, पण करायचं काय? मधली पेटी उचकटून फेकली तरी सीटा जिथल्या तिथेच राहणार, हे वहिनीनेच सांगितलं. तसा आठवडा गेला. मग बेकरीवाला आला. त्याची गाडी वर्षा-दोन वर्षांनी येतेच. पाव पोचवायची जुनी, उभट, पिवळट गाडी. एका बाजूला पोचा आलेला आणि तोंडावळा असा, की रागावलेल्या म्हाताऱ्याचा भास व्हावा. तिची सीट फाटून स्प्रिंग वर आली होती. वहिनी दार उघडून आत वाकली आणि बाहेरच येईना.

"बाई, काय झालं?" बेकरीवाला घाबरला. "फार खराब आहे का?"

त्या गाडीत पुढे दोन सीटा नव्हत्याच. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एक अखंड लांब बाक. गिअरचा दांडा वर, स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मध्ये काहीच नाही. पाववाला दिवसभर चढ-उतार करतो, म्हणून पायरी खाली आणि दार चांगलं ऐसपैस. हा बाक वहिनीने स्वतःच्या हाताने आजवर कितीदा शिवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

"छोटी, तुझ्या दादाला खाली बोलव," ती आतूनच ओरडली.

दादा आला. कटकट करत का होईना, आपला आपण चढला. मी सवयीने दारात जाऊन उभी राहिले.

"दारात उभी राहू नकोस!" वहिनी किंचाळली. "तिकडे फोमपाशी जा आणि लांबून बघ!" आणि ती स्वतः पलीकडून चढून शेजारी बसली.

मी लांबून बघितलं. दादाचे पाय वळवळत होते. मी मान हलवली. वहिनीचा चेहरा पडला. तेवढ्यात दादा म्हणाला, "अगं, खालून स्प्रिंग टोचतेय मला!"

वहिनी म्हणाली, "टोचतेय? खरंच टोचतेय?" त्या गाड्यांच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये पहिल्यांदाच तो छान आहे म्हणाला नव्हता. ती खाली उतरली आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "ही मला द्या. माझी चंदेरी तुम्ही घ्या."

बेकरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, बाईंना ताप आलाय का?"

माणूस सरळ. त्याने हातचं न राखता सगळे दोष सांगितले. चढावर हिचं घोडं पेंड खातं, थंडीत सकाळी ती रुसते, हिला रेडिओ नाही, आणि रस्ता सांगणारा तो आवाज तर नाहीच.

"आवाज नाही ना?" वहिनी म्हणाली. "किल्ली द्या."

वरच्या पैशांचा व्यवहार त्या दोघांनी कसा मिटवला ते त्यांचं ते जाणोत. गल्लीने मात्र यथेच्छ तोंडसुख घेतलं. मेकॅनिक म्हणाला, शिकलेल्या माणसाच्या घरात असं होतं. दंतवैद्य म्हणाला, आता पाव कधी विकायला काढताय? पायांची खात्री न करता वहिनीने घेतलेली ही पहिली वस्तू, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिने तो बाक असा शिवला, की मी तिला इतकं हळू काम करताना कधी पाहिलं नाही. कडेच्या शिवणीला तिने बुटकीतलाच उरलेला हिरवा दोरा वापरला.

रविवार उजाडला. दादाला कुणी बोलवायला गेलं नाही. वहिनी म्हणाली होती, जबरदस्ती नको, पार्सल म्हणाले ते मला लागलंय. ती गाडीवर उगाच फडकं मारत राहिली. मी उगाच अंगणातला कचरा उचलत राहिले.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. दादा खाली आला, बूट घालून. गाडीकडे आलाच नाही. सरळ बुटकीपाशी गेला, ताडपत्री बाजूला सारली, दार उघडलं आणि वाकायला लागला. मध्येच अडकला. दाराला धरून सरळ झाला. पुन्हा वाकला, पुन्हा अडकला. वहिनी पुढे निघाली तर मी तिचा हात धरला.

"छोटी," दादाने हाक मारली. "तेवढा दाराच्या कप्प्यातला नकाशा काढून दे. माझा हात पोचत नाही."

एवढ्या महिन्यांत त्याने पहिल्यांदा कुणाची मदत मागितली होती. मी वाकून नकाशा काढला. बाहेर येताना डोकं आपटलं आणि ते बरंच झालं, कारण डोळ्यांतलं पाणी खपून गेलं.

दादा पायरीवर पाय ठेवून गाडीत चढला. दारापाशी बसला. मग रेक्झिनवरून सरकत सरकत, कुणी न सांगता, पार वहिनीला जाऊन चिकटला. नकाशा उघडला. तो अर्धा त्याच्या मांडीवर आणि अर्धा स्टिअरिंगवर.

"अहो, सरका! मला रस्ता दिसत नाही!"

"रस्ता मी सांगतो ना! तू चालव."

"छोटी, चल, बस दाराशी," वहिनी म्हणाली. जागा होती. पण मी म्हटलं, मला कपडे धुवायचेत. आणि दार बाहेरून लावलं. गाडी दोनदा खोकली आणि निघाली. कोपऱ्यावर ती ज्या बाजूला वळायला हवी त्याच्या बरोबर उलट्या बाजूला वळली. आतून दादाचा आवाज येत होता.

दुपारी जेवायला आली नाहीत. मी स्वयंपाक करून झाकून ठेवला, दोनदा गरम केला, शिव्या दिल्या. उन्हं उतरली तेव्हा गाडी आली. चाकं चिखलाने भरलेली. त्या नकाशात असलेला पूल म्हणे केव्हाच वाहून गेला होता. चूक पुलाची की दादाची, यावरून जिन्यातूनच जुंपलेली. जेवताना तर दोघांनी घर डोक्यावर घेतलं. दादाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुढच्या रविवारी तो पूल कुठे वाहून गेला ते बघायला जायचं, असंही त्याने परस्पर ठरवून टाकलं. मधल्या एखाद्या वारी वहिनीने बुटकी एकदा फिरवून आणायची, तिचं इंजिन गंजतंय, मी फाटकाशी उभा राहून आवाज ऐकीन म्हणाला.

वहिनी भांडी घेऊन आत आली तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "काय गं, पाय कसे होते?"

ती ताटं हातात धरून उभी राहिली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "बघायचेच राहिले की."